कालमुद्रा आणि कसोटी : अंबरनाथच्या शिलालेखापासून संगणकीय फाइलीपर्यंत

प्रस्तावना

कोणत्याही नोंदीवर दिनांक व वेळ आढळली की वाचकाचा तिच्यावर सहज विश्वास बसतो. शिलालेखातील शक, दप्तरातील शिक्का, छायाचित्राच्या कोपऱ्यातील तारीख आणि संगणकातील फाइलीवर उमटलेली बदलाची वेळ या सर्व नोंदी एकाच जातीच्या आहेत. संगणकशास्त्रात शेवटच्या प्रकाराला टाइमस्टँप म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘कालमुद्रा’ हा शब्द वापरला आहे. सॉफ्टवेअर तयार करताना त्याची अचूकता पाहण्यासाठी ज्या स्वयंचलित चाचण्या लिहिल्या जातात, त्यांपैकी काही चाचण्या फाइलींच्या कालमुद्रेवर आधारलेल्या असतात. अशा चाचण्या एकदा यशस्वी होतात आणि आज्ञावलीत एकही अक्षर बदललेले नसताना दुसऱ्यांदा अपयशी ठरतात. या बेभरवशाच्या चाचण्या दुरुस्त कशा करावयाच्या, हा प्रश्न वरकरणी केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. तथापि त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न इतिहास-संशोधकांना जुनाच आहे : नोंदीवर लिहिलेला काळ हा पुरावा मानावा की दावा?

या प्रश्नाचा विचार करण्यास अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर हा ठाणे जिल्ह्यातील सलग पट्टा सोयीचा आहे. अंबरनाथला कोकणातील शिलाहारांच्या इतिहासातील एका महत्त्वाच्या तिथीचा वाद घडला. याच पट्ट्यातून गेलेल्या लोहमार्गावर दोन घड्याळांचा पेच निर्माण झाला. उल्हासनगरमध्ये एका विशिष्ट दिनांकावर हजारो बांधकामांचे भवितव्य अवलंबून राहिले. या तीन उदाहरणांच्या आधारे फाइलीच्या कालमुद्रेचा इतिहास, तिच्यावर विसंबणाऱ्या चाचण्यांचे दोष व त्यांवरील उपाय यांचे विवेचन करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अंबरनाथच्या लेखाची दोन वाचने

अंबरनाथ येथील शिवमंदिर हे उत्तर कोकणच्या शिलाहार राजवटीतील वास्तुकलेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. मंदिरातील शिलालेखात माम्वाणि, म्हणजे शिलाहार राजा मुम्मुणी, याचा उल्लेख येतो. हा लेख प्रथम डॉ. भाऊ दाजी लाड (१८२२–१८७४) यांनी वाचला व रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकाच्या नवव्या खंडात तो प्रसिद्ध झाला. त्यांच्या वाचनानुसार लेखाचा काळ शके ७८२, म्हणजे इ. स. ८६० असा होता. पुढे त्याच नियतकालिकाच्या बाराव्या खंडात पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९–१८८८) यांनी लेखाचा सुधारित ठसा व वाचन प्रसिद्ध केले आणि काळ शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० असा ठरविला. भगवानलाल हे भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झालेले संशोधक. गुरूच्या वाचनाची दुरुस्ती शिष्याने केली, आणि पुढील अभ्यासकांनी ती मान्य केली.

दोन वाचनांत फरक केवळ शतकाच्या अंकाचा आहे. परंतु त्या एका अंकाने मंदिर दोनशे वर्षे मागे जाते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कोणते वाचन खरे याचा निर्णय त्या अंकाकडे पुन्हा पुन्हा पाहूनच करावा लागतो असे नाही. लेखाचा आशय व इतर लेखांची साक्ष त्यासाठी उपलब्ध आहे. मुम्मुणीचा थोरला भाऊ छित्तराज याचा भांडुप येथे सापडलेला ताम्रपट शके ९४८ (इ. स. १०२६) चा आहे. मुम्मुणीचा पुतण्या अनंतदेव याचा खारेपाटण ताम्रपट शके १०१६ चा आहे. धाकटा भाऊ थोरल्या भावाच्या १६६ वर्षे आधी राज्य करीत होता, असे मानता येत नाही. शिवाय नवव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर कोकणात दुसरा कपर्दी राज्य करीत होता, हे कान्हेरी येथील लेखांवरून स्पष्ट होते, त्यांपैकी एक लेख शके ७९९ (इ. स. ८७७) चा आहे. म्हणजे शके ७८२ या वर्षी मुम्मुणीला सिंहासनावर जागाच उरत नाही. शके ९८२ हे वर्ष मात्र ९४८ आणि १०१६ यांच्या मध्ये बिनतक्रार बसते.

या उदाहरणातून कालनिर्णयाच्या शास्त्राची तीन तत्त्वे स्पष्ट होतात. पहिले, कालमुद्रा वाचताना चूक होऊ शकते, म्हणून ती मूळ साधनावरून पुन्हा तपासली पाहिजे. दुसरे, कालमुद्रेपेक्षा आशयाची साक्ष अनेकदा अधिक बळकट असते. तिसरे, परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या नोंदींनी तिला दुजोरा दिला पाहिजे. शिलालेखविद्येने एकोणिसाव्या शतकात आत्मसात केलेली ही तत्त्वे संगणकाच्या क्षेत्राला विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा शोधावी लागली.

फाइलीवरील कालमुद्रेचा उगम

युनिक्स या संगणकप्रणालीत प्रत्येक फाइलीसोबत तिच्या आशयात शेवटचा बदल केव्हा झाला याची वेळ ठेवली जाते. ही वेळ १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रिनिचच्या प्रमाणवेळेनुसार, किती सेकंद लोटले या संख्येने मोजतात. सुरुवातीस या नोंदीचा उपयोग प्रामुख्याने माहितीपुरता होता. १९७६ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे साधन तयार केले आणि कालमुद्रेला निर्णायक महत्त्व आले. त्यांच्या एका सहकाऱ्याने एक दोष शोधण्यात संपूर्ण सकाळ घालविली होती. वस्तुतः दोष आधीच दुरुस्त झाला होता. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा संकलित करण्याचे तेवढे राहून गेले होते. ‘मेक’चा जन्म या प्रसंगातून झाला.

‘मेक’चा नियम साधा आहे. मूळ फाइल ही तिच्यापासून तयार झालेल्या फाइलीपेक्षा नवी असेल तर पुन्हा संकलन करावे, अन्यथा करू नये. ‘नवी’ म्हणजे काय, हे ठरविण्यासाठी दोन कालमुद्रांची तुलना केली जाते. त्या काळात संकलनास लागणारा वेळ पाहता सेकंदाचे माप पुरेसे होते. हा नियम इतका उपयुक्त ठरला की पुढील अनेक साधनांनी तो जसाच्या तसा स्वीकारला. २००३ मध्ये फेल्डमन यांना असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी या संस्थेचा सॉफ्टवेअर प्रणाली पुरस्कार ‘मेक’साठीच मिळाला. परंतु या नियमात एक गृहीतक दडलेले होते : कालमुद्रा घटनांचा खरा क्रम सांगते. बेभरवशाच्या चाचण्यांचा इतिहास हा या गृहीतकाच्या ढासळण्याचा इतिहास आहे.

चाचण्या बेभरवशाच्या का होतात

पहिले कारण मापाच्या स्थूलतेचे. समजा, एक चाचणी फाइल लिहिते, तिच्यापासून दुसरी फाइल तयार करविते, मग पहिलीत बदल करते आणि दुसरी पुन्हा तयार होते की नाही हे पाहते. फाइलींची नोंद पूर्ण सेकंदांत ठेवली जात असेल आणि हे सर्व एकाच सेकंदात उरकले, तर दोन्ही फाइलींवरील वेळ समान दिसते. ‘मेक’सारखे साधन ‘बदल झालेला नाही’ असा निष्कर्ष काढते व चाचणी अपयशी ठरते. मध्येच सेकंद पालटला तर तीच चाचणी यशस्वी होते. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या फॅट या फाइलरचनेत बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदविली जाते. लिनक्समधील एक्स्ट-३ आणि ॲपलची एचएफएस प्लस या रचनांत ती एका सेकंदाच्या टप्प्याने नोंदविली जाते. नंतरच्या एक्स्ट-४ मध्ये नॅनोसेकंदांपर्यंत जागा आहे. तथापि वेळ देणारे प्रणालीचे घड्याळ बराच काळ काही मिलिसेकंदांच्या टप्प्यानेच पुढे सरकत होते. रकान्यात नऊ अंक लिहिता येतात म्हणून नोंद तितकी सूक्ष्म असते असे नाही. येथे एक विरोधाभास दिसतो. संगणक जसे वेगवान झाले तशा पूर्वी बिनचूक चालणाऱ्या चाचण्या डळमळू लागल्या.

दुसरे कारण असे की, फाइल हलविली की कालमुद्रेचा अर्थ बदलतो. २००५ मध्ये लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी तयार केलेली ‘गिट’ ही प्रणाली फाइलींचा आशय जपते, परंतु प्रत्येक फाइलीच्या बदलाची वेळ जपत नाही. गिटमधून फाइली बाहेर काढल्या की त्यांच्यावर त्या क्षणाची वेळ उमटते. दहा वर्षांपूर्वी लिहिलेली फाइल आजची दिसते. एखादी चाचणी लेखकाच्या संगणकावर यशस्वी होते व सामायिक संगणकावर अपयशी ठरते, त्यामागे अनेकदा एवढेच कारण असते.

तिसरे कारण दोन घड्याळांचे. फाइली एका यंत्रावर आणि चाचणी दुसऱ्या यंत्रावर असेल, आणि दोन्ही घड्याळांत थोडाही फरक असेल, तर नुकतीच लिहिलेली फाइल भविष्यकाळातील भासू शकते.

दोन घड्याळांचा हा पेच कल्याण–बदलापूर पट्ट्यास अपरिचित नाही. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे लोहमार्ग सुरू झाला, १८५४ मध्ये तो कल्याणपर्यंत आला आणि १८५६ मध्ये कल्याणहून पुढे अंबरनाथ, बदलापूरच्या दिशेने घाटाच्या पायथ्यापर्यंत गेला. पुढे रेल्वेने आपल्या वेळापत्रकासाठी मद्रास वेळ स्वीकारली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे होती. स्थानकातील घड्याळ आणि मुंबई वेळेचे घड्याळ दोन्ही आपापल्या परीने बरोबर होती. चूक होत असे ती दोहोंची सरळ तुलना करणाऱ्या प्रवाशाची. १८८१ मध्ये मुंबई शहरावर मद्रास वेळ लादण्याचा प्रयत्न झाला, तो विरोधामुळे मागे घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली मुंबई वेळ शहरातील काही व्यवहारांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून राहिली. संगणकांत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या कालविभागांच्या कोशात भारतासाठी कोलकात्याच्या नावाची एकच नोंद आहे. मुंबई वेळेला तीत स्वतंत्र स्थान नाही. परिणामी, १९०६ नंतरची मुंबई वेळेत लिहिलेली एखादी जुनी नोंद संगणकाने भारतीय प्रमाणवेळेत वाचली तर ती ३९ मिनिटांनी चुकते.

याला जोडूनच चौथे कारण येते, ते स्थानिक वेळेचे. फॅट रचना आणि मूळ स्वरूपातील झिप संचिका स्थानिक वेळ नोंदवितात; ती कोणत्या देशाची, हे नोंदवीत नाहीत. अंबरनाथला दुपारी तीन वाजता तयार केलेली फाइल अशा संचिकेतून लंडनला गेली की तेथेही ती दुपारी तीनचीच दिसते. तसेच, शून्य सेकंद ही वेळ ग्रिनिचला मध्यरात्र असली तरी भारतातील संगणक ती पहाटे साडेपाच अशी दाखवितो. ज्याने आपल्या गावची वेळ गृहीत धरून अपेक्षित उत्तर लिहिले, त्याची चाचणी भारतात अपयशी ठरणारच. त्यातही अर्ध्या तासाचा फरक, सर्व कालविभाग पूर्ण तासांचेच असतात असे मानणाऱ्या आज्ञावलींना अडचणीत आणतो.

या दोषाची व्याप्ती लहान नाही. २०१४ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील अभ्यासकांनी अपाचे संस्थेच्या ५१ प्रकल्पांतील, बेभरवशाच्या चाचण्या दुरुस्त करणाऱ्या २०१ बदलांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात वेळेवरील अवलंबन हा एक स्वतंत्र वर्ग होता. २०१६ मध्ये गूगलने आपल्या सुमारे १६ टक्के चाचण्यांत काही ना काही बेभरवसा आढळतो, असे जाहीर केले. सर्वच कारणे कालमुद्रेची नव्हती. परंतु परिणाम समान होता. वारंवार खोटी हाकाटी करणाऱ्या चाचणीकडे कोणी लक्ष देईनासे होते आणि खरा दोष आला तरी तो दुर्लक्षित राहतो. बेभरवशाच्या चाचणीने होणारे सर्वांत मोठे नुकसान हेच होय.

उपायांचा क्रम

या दोषावर प्रथम योजला गेलेला उपाय म्हणजे थांबणे. दोन लेखनांच्या मध्ये चाचणीला एक-दोन सेकंद थांबविले की कालमुद्रा वेगळ्या उमटतात. हा उपाय सोपा म्हणून लोकप्रिय झाला, परंतु तो रोग बरा करीत नाही. हजार चाचण्यांत प्रत्येकी दोन सेकंद म्हणजे अर्ध्या तासाहून अधिक काळ केवळ प्रतीक्षेत जातो. एका सेकंदाची प्रतीक्षा फॅट रचनेवर पुरेशीही ठरत नाही.

दुसरा उपाय कालमुद्रा स्वतः लिहिण्याचा. युनिक्समधील ‘टच’ या आज्ञेने किंवा तत्सम सुविधेने फाइलीवर हवी ती वेळ घालता येते. चाचणीने एका फाइलीवर सकाळी दहाची व दुसरीवर सकाळी अकराची वेळ स्पष्टपणे घातली, तर निकाल यंत्राच्या वेगावर अवलंबून राहत नाही. याच तत्त्वाचा विस्तार म्हणजे आज्ञावलीला घड्याळ बाहेरून पुरविणे. ती प्रत्यक्ष घड्याळ न पाहता तिला दिलेले घड्याळ पाहते. चाचणीच्या वेळी ते घड्याळ चाचणीच्याच हाती असते. कालविभागही असाच आधी निश्चित करता येतो. जी गोष्ट पूर्वी योगायोगावर सोडली होती ती येथे स्पष्टपणे लिहिली जाते. मात्र ज्या सुविधेने चाचणी विश्वासार्ह होते, तीच सुविधा कालमुद्रा कोणालाही बदलता येते हेही सिद्ध करते.

तिसरा आणि सर्वांत मूलगामी उपाय आशयाकडे वळण्याचा. फाइलीच्या संपूर्ण आशयावरून गणिती रीतीने एक संख्या काढता येते; तिला हॅश म्हणतात. आशयात एक अक्षर बदलले तरी ही संख्या बदलते. फाइल बदलली की नाही हे दोन हॅशच्या तुलनेने ठरविले तर घड्याळाची गरजच उरत नाही. गिटने येथे मध्यम मार्ग स्वीकारला. कालमुद्रा व आकार पाहून ती फाइल न बदललेली असल्याचा झटपट अंदाज घेते. परंतु फाइलीची वेळ गिटच्या स्वतःच्या सूचीच्या वेळेइतकी किंवा तिच्यानंतरची असेल, तर अंदाजावर न विसंबता आशय वाचून पाहते. संशयाच्या प्रसंगी अंकावर न थांबता लेखाचा आशय तपासावा, हेच तत्त्व अंबरनाथच्या लेखाच्या कालनिर्णयातही दिसते.

चौथा उपाय स्वतंत्र साक्षीचा. २०१३ पासून डेबियन प्रकल्पात मूळ आज्ञावलीपासून दोन वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या वेळी तयार केलेले सॉफ्टवेअर अक्षरशः एकसारखे यावे, यासाठी पद्धतशीर प्रयत्न सुरू झाले. त्यांतील एक मोठा अडथळा तयार फाइलींत आपोआप शिरणाऱ्या कालमुद्रांचाच होता. २०१५ मध्ये त्यासाठी एक संकेत ठरविण्यात आला. त्यानुसार तयार करण्याच्या क्षणाऐवजी मूळ आज्ञावलीच्या शेवटच्या बदलाची वेळ घातली जाते. परिणामी दोन अनोळखी व्यक्ती एकमेकींवर विश्वास न ठेवताही एकमेकींच्या कामाला दुजोरा देऊ शकतात.

प्रयोगशाळेबाहेरील अर्थ

कालमुद्रेचा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहत नाही, हे उल्हासनगरच्या उदाहरणावरून दिसते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली व १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीच्या बराकींतून वाढत गेलेल्या या नगरातील अनधिकृत बांधकामांचा प्रश्न पुढे न्यायालयापर्यंत गेला. २००६ च्या कायद्याने १ जानेवारी २००५ पर्यंतची बांधकामे अटींसह नियमित करण्याची तरतूद केली. म्हणजे भिंत त्या दिवसाच्या आधी उभी होती की नंतर, यावर एका कुटुंबाचे छप्पर अवलंबून राहिले. अशा प्रसंगी घराच्या छायाचित्राच्या फाइलीवरील तारीख कोणी पुढे केली, तर ती छायाचित्र घेतल्याची, फाइल दुसऱ्या संगणकावर नेल्याची, की केवळ कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे लावल्याची, हे त्या तारखेवरून कळत नाही.

न्यायव्यवस्थेलाही हा प्रश्न सोडवावा लागला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातील एक नामनिर्देशनपत्र दुपारी तीनच्या मुदतीत दाखल झाले होते की नाही, हा वाद उद्भवला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरण पुरावा म्हणून पुढे आले. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, मूळ साधन न्यायालयापुढे नसेल तेव्हा इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे. नोंद स्वतःविषयी जे सांगते तेवढ्याने भागत नाही. ती कशी तयार झाली हे सांगणारा जबाबदार मनुष्य हवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने प्रमाणपत्राच्या नमुन्यात नोंदीच्या हॅशचा समावेश केला आहे. सॉफ्टवेअरच्या चाचण्यांनी गाठलेला आशयाच्या तुलनेचा मार्ग अशा रीतीने कायद्यानेही स्वीकारला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, फाइलीची कालमुद्रा हा एका घड्याळाने, एका क्षणी, एका मापाने केलेला दावा असतो. घड्याळ कोणाचे, माप किती स्थूल, आणि नोंद झाल्यावर फाइल कोठून कोठे गेली, हे माहीत असेल तोवरच तो दावा उपयोगी पडतो. त्यामुळे कालमुद्रेवर आधारलेली चाचणी दुरुस्त करणे म्हणजे तिच्यात प्रतीक्षेचे सेकंद वाढविणे नव्हे. वेळ स्पष्टपणे निश्चित करणे, शक्य तेथे आशयाची तुलना करणे आणि स्वतंत्र साक्ष मिळविणे, हीच खरी दुरुस्ती होय.

या निष्कर्षाचे अध्यापनाच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला बेभरवशाची चाचणी दाखविताना शके ७८२ आणि ९८२ ही दोन वाचने समोर ठेवता येतील. तसेच, इतिहासाच्या विद्यार्थ्याला संगणकीय दप्तरातील तारखा हाताळताना फाइलीच्या कालमुद्रेच्या मर्यादा सांगणे आता अपरिहार्य झाले आहे. कारण उद्याच्या इतिहासकारापुढे येणारी बहुतेक साधने फाइलींच्या स्वरूपातच असतील. भाऊ दाजींचे वाचन दुरुस्त होऊ शकले, कारण मूळ शिला जागेवर होती आणि भांडुप, कान्हेरी व खारेपाटणचे लेख साक्षीला होते. आजच्या फाइलींच्या बाबतीत मूळ आशय, त्याचा हॅश आणि स्वतंत्र प्रती जपल्या गेल्या, तरच पुढील पिढीला आपल्या चुका दुरुस्त करण्याची अशी संधी मिळेल.